खापरपणजोबांचा किराणा

आपल्या पूर्वजांविषयी प्रत्येक मराठी माणसाला तीन गोष्टी खात्रीने ठाऊक असतात. एक, ते नव्वदीतही डोंगर चढत होते. दोन, ते एका बैठकीत शेरभर तूप पीत होते. आणि तीन, त्यांच्या काळी कुणी कुणाला फसवत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. पाय त्यांचे, तूप त्यांचं. पण तिसरी गोष्ट ऐकली की माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. एरवी तो सहसा जागा होत नाही. आमच्या बँकेत कुणालाही विचारा.

मी हुपरीत राहतो. जिल्हा कोल्हापूर, तालुका हातकणंगले. तुम्ही आमचं गाव पाहिलं नसेल, पण ऐकलं असेल. तुमच्या घरात एखादी पोर पायांत पैंजण घालून पळत असेल, तर ते पैंजण आमच्याकडचं असण्याचा संभव पुष्कळ. इथे घराघरांत चांदीचं काम चालतं. कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडतो, कुणी घुंगरू बसवतो आणि उरलेले माझ्यासारखे बँकेत बसून त्यांच्या कर्जाचे कागद लावतात.

बँकेत नोकरी असली की माणसाला दोन मानाची पदं जन्माची चिकटतात. लग्नात आहेर लिहून घ्यायला बसणं आणि गणपतीत मंडळाचा खजिनदार होणं. दोन्ही ठिकाणी जेवण शेवटच्या पंगतीला. तर आमच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा देखावा केला, 'जुन्या काळचं वाण्याचं दुकान'. मातीचा वाणी, डोक्यावर लाल पगडी, कपाळाला टिळा, पुढ्यात गुळाची ढेप, मिठाचं पोतं, तेलाची बुधली आणि हातात तागडी. तागडी वर-खाली व्हावी म्हणून वाण्याच्या पोटात गाडीच्या वायपरची मोटार बसवली होती. डोक्यावर पाटी, 'तो काळ विश्वासाचा!'

पहिल्याच संध्याकाळी मोटार अडकली. मालाचं पारडं खाली आणि वजनाचं वर, अशी जी तागडी थांबली ती अनंत चतुर्दशीपर्यंत हलली नाही.

उद्घाटनाला नाना होते. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर. माईक हातात आला की त्यांची निवृत्ती रद्द होते. त्यांनी त्या अडकलेल्या तागडीकडे बोट केलं आणि सुरुवात केली.

"बघा, झुकतं माप! याला म्हणायचं एकोणिसाव्या शतकातला दुकानदार. पावती नाही, बिल नाही, जीएसटी नाही. शब्दावर उधारी! पोरगं दुकानात गेलं तर हातावर गुळाचा खडा. भेसळ नाही, प्लास्टिक नाही. माणूस माणसाला ओळखत होता हो! आणि आज? आज दुकानदार बोलतच नाही. त्याची पेटी बोलते, पन्नास रुपये प्राप्त झाले!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण मोटारीच्या दुरुस्तीचं बिल माझ्या खिशात होतं आणि लोकांचं लक्ष तागडीवरून हटणं माझ्या सोयीचं होतं. पण रात्री झोप येईना. म्हणून नाना, वडीलकीचा मान ठेवून, जे मंडपात बोलता आलं नाही ते इथे लिहितो. तिथे माईक तुमच्या हातात होता.

पहिली गोष्ट गुळाच्या खड्याची. नाना, तो खडा मी नाकारत नाही. गोडच असणार. पण आम्ही कॉमर्सवाले विचारतो, तो कुठल्या खात्याला टाकला? दुकानात फुकट गेलेली वस्तू कुठेतरी खर्ची पडतेच. पोराच्या हातावर पडलेला खडा बापाच्या खात्यावर उमटला नसेल, असं छातीवर हात ठेवून सांगा.

दुसरी गोष्ट ओळखीची. माणूस माणसाला ओळखत होता, खरंच आहे. गावात दुकान एक आणि तुम्ही कुठे जाणार हे दुकानदाराला पक्कं ठाऊक. तुरुंगातले शिपाईसुद्धा कैद्यांना नावानिशी ओळखतात. कोल्हापुरात आगगाडी आली १८९१ साली. त्याआधी माल यायचा तो बैलगाडीने किंवा बैलाच्या पाठीवरून. शहरात दोन दुकानं फिरून भाव विचारता येत असेल. खेड्यात मिठाचा भाव म्हणजे वाणी सांगेल तो, आणि शेजारच्या पेठेतला भाव कळायला एक दिवस आणि पायताणाचा एक जोड खर्ची पडायचा.

बरं, लोक दुकानात घेत तरी काय होते? धान्य शेतातलं, नांगर सुताराचा, मडकं कुंभाराचं, चप्पल चांभाराची. बलुत्यावर गाव चाले. दुकानातून यायचं ते मीठ, गूळ, तेल, तंबाखू, सणासुदीला कापड आणि शतकाच्या शेवटी शेवटी आगकाड्या आणि रॉकेल. यादी एवढीशीच. पण या यादीतली एकही वस्तू घरी पिकवता येत नसली की माणूस कसा अडतो, ते मीठ संपलेल्या घरात विचारावं.

तिसरी गोष्ट मापाची, आणि इथे हुपरीकरांनी तरी नानांच्या भाषणाला टाळी वाजवायला नको होती. आपल्याकडे चांदीच्या काट्याला काचेची पेटी असते, पंख्याचा वारासुद्धा वजनात धरला जाऊ नये म्हणून. आणि तेव्हाचा हिशेब ऐका. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. कोष्टक ठणठणीत आहे. गोम एवढीच की या पेठेचा शेर आणि त्या पेठेचा शेर सख्खे भाऊ नव्हते. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, आणि तोळा म्हणजे एका रुपयाचं वजन. रुपया तेव्हा चांदीचा होता, बारा भागांत अकरा भाग चांदी. पण सरकारी शेर सरकारात. गावात धान्य मापाने भरून द्यायचं, आणि माप भरताना ते शिगोशीग की सपाट, हलवून की न हलवता, हे भरणाऱ्याच्या हातात. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, एवढं केलं तरी वर्षाकाठी पोत्यापोत्याचा फरक पडतो. देशभर एकच किलो यायला १९५८ साल उजाडावं लागलं. त्या किलोला कुणी देखाव्यात बसवत नाही. बिचारा कायम दुकानातच असतो.

त्यावर हिशेब. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. तीन आणे चार पै शेराने पावणेदोन शेर गूळ घेतला तर किती झाले? मी बी.कॉम. आहे, मला कागद लागतो. ज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ होती त्यांना लागत नसे. पण ती पाठ होती शाळेत गेलेल्यांना. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ साली. म्हणजे नाना ज्या शतकाचं कौतुक करतात, त्यात दुकानाच्या एका बाजूला पाऊणकी आणि दुसऱ्या बाजूला "व्हय, मालक" अशी वाटणी होती. याला मी विश्वास म्हणत नाही. दुसरा इलाजच नसला की माणूस विश्वास ठेवतो.

आता चौथी गोष्ट. शब्दावर उधारी! इथे मात्र मला घरचंच काढावं लागणार आहे.

हुपरीपासून काही कोसांवर आमचं मूळ गाव. तिथे ओढ्याच्या काठाला एक शेत आहे. आमच्या घरात त्याला 'तेलमिठाची पट्टी' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, तिथे तीळ पिकत असणार. शेत आमचं नाही. चार पिढ्यांत ते आम्ही कसलेलं नाही. तरी आजी त्या वाटेने जाताना बांधाजवळ थांबायची आणि म्हणायची, "ही आपली तेलमिठाची पट्टी." गेलेल्या वस्तूला 'आपली' म्हणण्याची तिची पद्धत होती. मी तिला कधी विचारलं नाही, की आजी, आपली असेल तर आपण बांधावर का उभे?

जुनं घर उतरवलं तेव्हा पत्र्याच्या पेटीत एक कागद निघाला. मोडीतला. घरात दोन पदवीधर, एक इंजिनिअर, पण कागद कुणालाच वाचता येईना. शेवटी मोडी शिकलेल्या एका गृहस्थांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि वाचत गेले. कर्जरोखा होता. शके अठराशे आणि काही. पुढचे आकडे वाळवीने खाल्लेले. आमच्या खापरपणजोबांनी एका दुकानदाराला लिहून दिलेला. रोख मिळालेल्या रकमेचा उल्लेख नाही. 'दुकानचे खाते' आणि 'मागील रोख्याची बाकी' धरून चाळीस रुपये. व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये. तारण, ओढ्याकाठची पट्टी. आणि खाली सहीच्या जागी दोन रेघांचं एक वाकडंतिकडं चित्र.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"निशाणी नांगराची," ते म्हणाले. "कुणब्याला सही येत नसे. तो नांगर काढायचा."

वाचकहो, माझ्या खापरपणजोबांचं उपलब्ध असलेलं एकमेव अक्षर म्हणजे तो नांगर. ज्या शेतात तो नांगर चालवला ते शेत त्यांनी त्याच नांगराच्या चित्राने देऊन टाकलं, आणि कागदावर काय लिहिलंय हे त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. त्यांना आणि मला, दोघांनाही वाचून दाखवायला तिसरा माणूस लागला. फरक एवढाच की मला वाचून दाखवणाऱ्याचा त्या पट्टीशी काही संबंध नव्हता.

ही आमच्या एकट्याच्या घरची रड असती तर मी गिळली असती. पण हे घराघरांत चाललं होतं. शेजारच्या इंग्रजी मुलखात सरकारने १८५९ साली एक कायदा केला. रोख्याची मुदत तीन वर्षं. त्यानंतर कोर्टात चालणार नाही. हेतू चांगला, व्याज फुगत राहू नये. झालं असं की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहून घ्यायची रीत पडली. आमच्या चाळीस रुपयांचंच उदाहरण घेतो. याच व्याजाने तीन वर्षांत ६८ रुपये १२ आणे होतात. नवा रोखा. सहा वर्षांत ११८. पुन्हा नवा रोखा. नऊ वर्षांत २०३. मध्ये कुणी दांडगाई केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. गुळाचा खडासुद्धा वेळच्या वेळी मिळाला असेल.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या पेठेत शेतकरी जमले आणि त्यांनी वह्या आणि रोखे मागितले. मिळाले ते जाळले. धान्याची दुकानंही लुटली गेली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत पसरलं, ९५१ जणांना अटक झाली. पुढे सरकारने चौकशी नेमली तेव्हा शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण निघालं. नाना, तुमच्या देखाव्यातलं दुकान ते हेच. तीच पगडी, तीच तागडी, तीच चोपडी. लोकांचा राग मिठावर नव्हता, गुळावर नव्हता. चोपडीवर होता. लोक वाचता न येणारा कागद जाळतात, तेव्हा त्यांना निदान एवढं नक्की वाचता आलेलं असतं की यात आपल्याविरुद्ध काहीतरी लिहिलंय.

आता कुणी म्हणेल, हा वाण्यांच्या पाठीमागे लागला. मुळीच नाही. त्या वाण्यालाही वरच्या पेढीचं देणं होतं. सरकारला सारा रोख आणि ठरल्या तारखेला हवा होता, पाऊस पडो न पडो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेतकऱ्याला पत मिळाली. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि पत रोख्यात गोठली. दुकानदार जात्याच वाईट आणि शेतकरी जात्याच देवमाणूस, असं मला म्हणायचं नाही. देहूचे तुकोबाही वाण्याच्या दुकानातलेच. त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, अशी कथा आपण सांगतो. पण नाना, ज्या समाजात वाण्याने खतं बुडवली की तो संत ठरतो, त्या समाजात बाकीच्या खतांचं काय होत असेल, हे त्या कथेतच आलं की नाही?

मला म्हणायचंय ते एवढंच. चोपडी एकाच बाजूला होती. दुकान चांगलं की वाईट हे दुकानदाराच्या स्वभावावर सोडलेलं होतं, आणि कुणाच्या स्वभावावर शेत तारण ठेवू नये.

हे इंग्लंडातल्या विणकरांनाही कळलं होतं. रॉचडेल गावात डिसेंबर १८४४ मध्ये त्यांनी वर्गणी काढून स्वतःचंच दुकान उघडलं. पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या, एवढाच माल. शुद्ध वस्तू, पुरं वजन, रोखीचा व्यवहार, आणि हिशेब सभासदांसमोर. त्यांनी चांगला दुकानदार शोधण्यात वेळ घालवला नाही, चोपडीच गिऱ्हाइकाकडे फिरवली. सहकाराचं हे खूळ पुढे आमच्या जिल्ह्याला किती मानवलं, ते मी सांगायला नको.

आणि आपल्याकडे काय झालं? सुप्याच्या चार वर्षांनंतर, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर, एवढ्या चार जिल्ह्यांपुरता. त्यात कोर्टाला मुभा मिळाली की नुसता शेवटचा रोखा पाहू नका, खातं पहिल्यापासून उलगडा. शेतकऱ्याला आणखी तीन हक्क मिळाले. पैसे भरले की पावती. वर्षातून एकदा खात्याचा उतारा. आणि मागितलं तर सावकाराने खातं वेळोवेळी भरून द्यायचं ते, नाना, पासबुक!

हे प्रथम वाचलं तेव्हा मी खुर्चीत नीट बसलो. वीस वर्षं मी पासबुकं हाताळतोय. कोपरे दुमडलेली, चहा सांडलेली, देव्हाऱ्यात ठेवून हळद लागलेली. मला वाटायचं ते बँकेचं आहे. ते रोखे जळाल्यावर मिळालेलं आहे, हे मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही. दुकानदाराच्या मांडीवरची चोपडी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हातात आली, ती त्या पुस्तकाच्या रूपाने.

आणि आता कबुलीजबाब. आमच्याकडे दर महिन्याला एक आक्का येते. घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडते, मजुरी खात्यात जमा होते. ती खिडकीशी येऊन पासबुक पुढे करते. "बाळा, एवढं भरून दे की रं." आणि मी मान वर न करता म्हणतो, "मशीन बंद आहे, आक्का. सोमवारी या." मशीन कधी खरंच बंद असतं. कधी शाई नसते. कधी मला उठायचा कंटाळा असतो. आक्का म्हणते, "असू दे, तुझ्यावर विश्वास हाय." आणि मी ते वाक्य आजवर शाबासकी म्हणून घेत आलो.

तिच्या कर्जाच्या कागदांवर कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मी घातल्या होत्या. सतरा फुल्या. तिने सतरा सह्या केल्या. नांगराच्या नव्हत्या, नावाच्या होत्या. आक्का साक्षर आहे. पण वाचायला वेळ मी दिला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्यातली तेरा पानं कधी वाचलेली नाहीत. माझा मुलगा फोनवर 'मला मान्य आहे' असं बटण दाबून हप्त्याने बूट घेतो. बटणावर नांगराचं चित्र तेवढं काढायचं राहिलंय.

म्हणून नाना, तुमच्या त्या विश्वासाच्या काळाला माझा विरोध आहे. तो काळ फार दूर आहे असं वाटत असतं, तर मी गप्प बसलो असतो. तो माझ्या खिडकीपर्यंत आलेला आहे. गावातल्या दुकानदाराशी दोन शब्द बोलावेत, गुळाचा खडा जरूर घ्यावा, ओळख असावी. पण बिल मागावं, आणि ते मागताना लाजू नये. बिल मागणं म्हणजे संशय घेणं, हे आपल्याला कुणी शिकवलं? ज्याच्याकडे चोपडी होती त्याने. आणि ती पेटी बोलते म्हणून तुम्ही चिडता, पण ती निदान दोघांनाही ऐकू येईल अशी बोलते. तुमचा मातीचा वाणी दहा दिवस एक अक्षर बोलला नाही. राहता राहिलं त्याचं झुकतं माप. ते मोटार बिघडल्यामुळे होतं, एवढं खजिनदार या नात्याने मला नमूद केलं पाहिजे.

हे सगळं मी विसर्जनानंतर नानांना तोंडी ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर ते पेपर वाचत बसले होते. त्यांनी सारं शांतपणे ऐकून घेतलं. तेलमिठाच्या पट्टीपाशी आलो तेव्हा पेपर खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आमची पण होती रे एक. विहिरीजवळची."

मला वाटलं, आपण जिंकलो. मी पिशवी उचलली आणि निघालो. दुकानदार हसून म्हणाला, "जावा सायेब, हिशेब सावकाश बघू." मी बिल मागून घेतलं. मागताना थोडी लाज वाटलीच.

चार पावलं गेलो असेन, तोच मागून नानांचा हेडमास्तरी आवाज आला.

"अरे, ते राहू दे सगळं. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब कधी लावतोस बोर्डावर? आणि नुसती बेरीज नको हं. ती मोटार दुरुस्त केली म्हणतोस, तिची पावती बघायची आहे मला!"